चार बोटांचं अंतर

“किती लांबून ओढतं म्हणालात?”

भैरूबुवांनी असंच विचारलं होतं. निदान मला तसं आठवतं. ‘किती लांबून’ म्हणाले की ‘कुठून’ म्हणाले, हे शपथेवर सांगता येणार नाही. हल्ली माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नाही. पण त्या दिवसातली एक गोष्ट पुढे मला दुसऱ्या माणसाकडून पडताळून घेता आली. तेवढ्या आधारावर लिहितो आहे.

“चार बोटं,” मी म्हणालो. “फार तर चार बोटं.”

“आन् मग पैसे जातात?”

“जातात. हे टॅपचं कार्ड आहे, बुवा. यंत्राला नुसतं टेकवायचं. पाच हजारांपर्यंत पिनसुद्धा विचारत नाही. गर्दीत एखादा तसलं यंत्र घेऊन माझ्या खिशाला खेटून उभा राहिला, तर मला कळणारही नाही.”

“असं कुणाचं झालंय?”

“ऐकलंय.”



नीरेच्या काठी त्यांचा मठ होता. मठ म्हणजे काय, दोन खोल्या, एक ओटा आणि खाली नदीपर्यंत अठरा पायऱ्या. ओट्यावर शेवंताबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे असे. पलीकडे माझी बायको, कुमुद, खुर्चीत पाय लांब करून बसली होती. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. तीन आठवड्यांनी शस्त्रक्रिया ठरली होती. तिच्यासाठी साठवलेले सगळे पैसे एका खात्यात होते आणि ते कार्ड त्याच खात्याचं होतं.

मला झोप लागत नव्हती. मंडईत जाणं मी सोडलं होतं. बसमध्ये हात सतत खिशावर असायचा. “त्या खिशाला पुढच्या जन्मी मूल म्हणून जन्माला घाला,” असं कुमुद म्हणायची. मला बुवांकडे आणण्याची कल्पना तिचीच.

“मी यावर उपाय केला आहे,” मी म्हणालो. आवाजात थोडा अभिमान असावा. एकतीस वर्षं मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं. “धातूच्या आवरणातून या लहरी आत जात नाहीत. म्हणून कार्ड मी चांदीच्या कागदात गुंडाळतो. स्वयंपाकघरातला तो चकचकीत कागद. दुहेरी घडी.”

“चुरचुर वाजतो तो,” कुमुद म्हणाली. “कीर्तनात लोक मागं वळून बघतात.”

“मास्तर,” बुवा म्हणाले, “सकाळी नाश्ता केला का न्हाई?”

“केला. हमरस्त्यावरच्या हॉटेलात.”

“पैसे कसे दिले?”

“कार्डानं. रोख रक्कम मी जवळ ठेवत नाही.”

“म्हंजे टेकवलं.”

“नाही... वेटर घेऊन गेला. यंत्र आत गल्ल्यावर होतं.”

“तुम्ही गेलात संगं?”

“मी चहा पीत होतो.”

“कागदासकट नेलं त्यानं?”

 कुमुदनं माझ्याकडे पाहिलं.

“कागदासकट,” मी म्हणालो.

शेवंताबाईंनी मेथीची एक जुडी संपवून दुसरी घेतली.

“बघू,” बुवा म्हणाले आणि हात पुढे केला.

मी खिशातून पुडी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी कागद उलगडला, ओट्यावर टाकला. कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. शेजारी खुंटीवर त्यांची भिक्षेची झोळी होती. कार्ड त्यांनी झोळीत सोडलं, झोळीचं तोंड आवळलं आणि कुमुदला विचारलं, “वांगी नेता का, वहिनी? यंदा लई आलीत.”

“न्या की,” शेवंताबाई म्हणाल्या. “आमी तर वांगी खाऊन खाऊन जांभळं झालो.”

मग वांग्यांवर बोलणं झालं. त्यानंतर नदीच्या पाण्यावर. मग कुमुदच्या गुडघ्यांवर.

माझे डोळे झोळीवर होते. वाऱ्यानं ती हलली तरी मी दचकत होतो. शेवंताबाईंनी ओट्यावरचा कागद उचलून तळहातानं सपाट केल्याचं मला अंधुक दिसलं. नंतर त्यांनी तो माझ्यासमोर आणून ठेवला. कागदाकडे माझं लक्ष नव्हतं.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील. मला तास वाटला.

“बुवा...”

“बोला.”

“माझं कार्ड.”

“काय झालं त्याला?”

“तुमच्या झोळीत आहे.”

“कुणी ओढलं?”

मी माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं.

“तुमच्या हातापासून माझा हात किती लांब होता, मास्तर?”

“...चार बोटं.”

बुवा उठले. त्यांनी खुंटीवरून झोळी काढली आणि कुमुदसमोर धरली. “वहिनी, केवढी दिसती?”

“लहान आहे,” कुमुद म्हणाली. “उशीच्या अभ्र्याएवढीही नाही.”

“मीच शिवली. पाच मुठी मावतात. रोज पाच घरं, घरटी एक मूठ. एका बाईनं एकदा पायलीभर जोंधळे द्यायला काढले. म्हणलं, माये, मावत न्हाईत.”

“मोठी शिवा की,” मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

“आन् कुत्र्यानं पळवली तर?”

त्यांनी झोळी उलटी करून कार्ड तळहातावर घेतलं.

“आज पळवली, तर आज उपास,” बुवा म्हणाले. “उद्या गाव हायच की.”

शेवंताबाई मेथीच्या काड्या गोळा करता करता म्हणाल्या, “लई तऱ्हेवाईक माणूस हाय हा. बाया म्हणतात, बुवा, ऊन लागतंय, झोळी द्या, आतून भरून आणतो. देत न्हाई. बाईनंच मूठ घेऊन उंबऱ्यावर यायचं. हा टकाटका मुठीकडं बघणार. मूठ पडली की तोंड आवळणार. जणू सोनंच वाढतंय कुणी.”

“सोनं असतं तर बघितलं नसतं,” बुवा म्हणाले.

त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. मी कागदाकडे हात नेला तेव्हा त्यांनी ‘नको’ म्हणून मान हलवली.

कागदाच्या आतल्या बाजूला बॉलपेननं दाबून चार आकडे लिहिलेले होते. माझा पिन. विसरण्याची भीती वाटते म्हणून मीच लिहून ठेवला होता.

 कागदाचा बोळा करून मी खिशात घातला. बुवांनी तो उलगडला होता. म्हणजे आकडे त्यांनी पाहिले असणार... संध्याकाळी गावी पोचल्यावर घरी न जाता मी रिक्षा आधी एटीएमपाशी थांबवली.

“आता काय?” कुमुदनं विचारलं.

“पिन बदलतो.”

“बुवांवर संशय?”

“...हो.”

ती रिक्षात वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. मी नवे आकडे घातले, आमच्या कुठल्याही सालाशी किंवा तारखेशी संबंध नसलेले, आणि कुठेही लिहिले नाहीत. ते पाठ करता करता मला स्वतःची लाज वाटत होती. ज्यानं मला शहाणं केलं, त्यालाच मी पहिल्यांदा चोर ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. जुन्या खात्याला कार्डच ठेवलं नाही. दुसरं खातं उघडलं आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे टाकले. नव्या कार्डाची टॅपची मर्यादा सगळ्यांत कमी ठेवून घेतली आणि दर व्यवहाराचा मेसेज येईल अशी व्यवस्था केली. काउंटरवरच्या मुलीनं मोबाइलवर टॅप बंद करण्याचं आणि चालू करण्याचं बटणही दाखवलं. मी तिच्याकडून ते तीनदा करून घेतलं. चौथ्यांदा ती म्हणाली, “काका, आता तुम्ही करा. मी बघते.”

त्या शनिवारी मी मंडईत गेलो. किराणावाल्यानं सवयीनं हात पुढे केला. मी म्हणालो, “कार्ड देणार नाही, यंत्र इकडे आणा.” यंत्र आलं. आकडा वाचला, मग टेकवलं. खिशातला फोन वाजला. रक्कम तीच होती.

“काका आज उभ्या जागी पाहुणचार घेतायत,” किराणावाला म्हणाला.

घरी येताना वाटेत लक्षात आलं, हात खिशावर नव्हता.

कुमुदची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. सहा महिन्यांनी आम्ही मठात गेलो, तेव्हा ती अठराच्या अठरा पायऱ्या उतरून नदीपर्यंत गेली. वर येताना चार वेळा थांबली, पण आली.

ती खाली होती, तेवढ्यात मी बुवांना सांगून टाकलं. “त्या दिवशी इथून गेल्यावर मी लगेच पिन बदलला. तुमच्यावर संशय घेतला मी.”

बुवा नदीकडे पाहत होते.

“ताक घेणार?” त्यांनी विचारलं.

मी घेतलं. क्षमा मिळाली की नाही, ते कळलं नाही. पुन्हा विचारायचं धैर्य झालं नाही आणि पुढच्या वर्षी बुवा गेले. हे शल्य माझ्यापाशी राहिलं. संत माणसाला मी चोर समजलो, असं मनात यायचं आणि वाचता वाचता पान तसंच राहायचं.

चार वर्षांनी आम्ही पुन्हा मठात गेलो. शेवंताबाई थकल्या होत्या, पण मेथी त्याच निवडत होत्या. कुमुदच्या आग्रहानं मी ते सगळं त्यांना सांगितलं.

“बुवांनी आकडे बघितले?” त्या हसल्या. “मास्तर, त्यांना कुठं वाचाया येत होतं? सही बी अंगठ्याची.”

 “म्हणजे मी उगाच...”

“उगाच कसं?” त्यांनी काडी मोडून बाजूला टाकली. “एक, नऊ, सात, तीन. तुमच्या लग्नाचं साल असंल.”

कुमुदनं तोंडाला पदर लावला.

“कागद सपाट केला तवा मी वाचलं,” शेवंताबाई म्हणाल्या. “माझी सातवी झालीय. तुमी गेल्यावर बुवांना म्हणलं, मास्तरांचे आकडे माझ्या डोक्यात बसले, आता काय करू?”

“मग?”

“ते म्हणले, राहू दे. दिवस मावळायच्या आत मास्तर ते बदलत्यात.”