उलट जोर नको म्हणणारा राजा

एका राज्यात, आणि पृथ्वीवरची सगळी राज्ये मला तोंडपाठ आहेत, फक्त ह्या एकाचे नाव काही केल्या आठवत नाही, भोगदत्त नावाचा राजा होता. देह असा की त्याच्या पालखीचे भोई टिकत, पालखी टिकत नसे. त्याची धाकटी बहीण रेणुमती. ती दोरीवर वाळत घातलेल्या ओढणीएवढी. गादी भोगदत्ताला मिळाली होती आणि लोक रेणुमतीला मिळाले होते, हे राजाला रात्रंदिवस सलत असे. ती हसली की त्याला वाटे, हिने माझे हसू पळवले. तिच्या केसांत फूल दिसले की तो माळ्याला बोलावून विचारी, इतके चांगले फूल उगवलेच कसे, आणि उगवले तर मला कळवले का नाही?

त्या राज्यात नौकोत्सव होत असे. सरोवराच्या मध्यावर राजघराण्यातल्या दोघांनी आपापल्या होडीत उभे राहायचे, तळहाताला तळहात लावायचा आणि ढकलायचे. ज्याची होडी लांब जाईल त्याला कमळांचा हार. त्या वर्षी राजाने डाव टाकला. बहिणीला म्हणाला, तू नुसते हात ताठ धर, ढकलणार मी एकटा. तिने धरले. राजाने ताकद पणाला लावली. रेणुमतीची होडी बाणासारखी सुटली ती थेट पैलतीराला. राजाची होडी हातभर मागे सरकली आणि डुलत बसली. हार अर्थातच बहिणीला.

राजाच्या अंगाची लाही झाली. ढकलले मी, तिने बोटसुद्धा हलवले नाही, मग मी मागे का गेलो? म्हणजे हिचे नुसते उभे राहणेही मला उलट ढकलते! तो तडक डोंगरावरच्या घोरपडनाथ मांत्रिकाकडे गेला. हा मांत्रिक कड्याला चिकटून झोपत असे, म्हणून त्याचे हे नाव.

"राजा, काय हवे?"

"मी ज्याला ढकलीन, त्याने मला उलट ढकलू नये. बहिणीने नाही, होडीने नाही, भिंतीनेही नाही."

"जमिनीने?"

"तिने तर मुळीच नाही. ती माझीच आहे."

मांत्रिक कडा सोडून खाली पडेपर्यंत हसला. "दिले. उतारा तेवढा ऐकून ठेव. ज्याचा उलट जोर तुला खुपतो, त्याच्याकडेच तो तोंडाने मागितलास की हा वर फिटेल. ही साळुंकी बरोबर ने. ती आठवण करून देईल."

राजा ऐटीत निघाला, पाऊल उचलले, आणि तिथल्या तिथे राहिला. पाय मागे घसरले, धड पुढे जाईना. कारण चालणे म्हणजे काय? आपण पायाने जमिनीला मागे रेटतो आणि ती आपल्याला पुढे रेटते. खोटे वाटत असेल त्याने तेल सांडलेल्या फरशीवर चालून दाखवावे. मी शेजारी उभा राहून हसेन. आता तुम्ही म्हणाल, मग राजा जमिनीत बुडाला का नाही? मांत्रिकाने दया केली. वरखालचा जोर जसाच्या तसा ठेवला, आडवा तेवढा काढला. नाहीतर गोष्ट इथेच पाताळात गेली असती आणि उरलेला वेळ तुम्ही माझे डोके खाल्ले असते.

भोयांनी राजाला मागून ढकलले. तो सुटला, तो थांबेचना. जमीन अडवीत नाही, तर थांबायचे कशाने? पुढे वेस आली, तिचा दरवाजा भुशासारखा उडाला, राजाला ओरखडाही नाही. शेवटी कमरेला शेला अडकवून दहा जणांनी मागे ओढले तेव्हा स्वारी उभी राहिली. तेव्हापासून राजाचे चालणे म्हणजे मागून ढकलणारे दहा आणि शेला ओढणारे दहा.

तशातच पाडवा आला. त्या गादीचा नियम असा की पाडव्याला राजाने एकट्याने, स्वतःच्या पायांनी, दरबाराच्या उंबरठ्यापासून सिंहासनापर्यंत चालत जावे. नाही गेला, तर गादी पाठच्या भावंडाची. साळुंकी मुकुटावर बसून म्हणाली, "माग, राजा. बहिणीकडे माग." राजाने मान वळवली. साळुंकीचा हा धोशा रेणुमतीच्या कानी गेला. तिने निरोप पाठवला, दादामहाराजांना काही हवे का?

"अंतर हवे," राजाने उत्तर धाडले, आणि समारंभ संपेपर्यंत तिने सरोवराच्या घाटाला होडीतच बसून राहावे अशी आज्ञा केली. आपण चालताना तिने पाहू नये, आणि न चालताना तर नाहीच नाही.

पाडव्याच्या सकाळी सेवकांनी राजाला उंबरठ्यावर उभे केले आणि ते दूर झाले. आत सिंहासन, बाहेर सरोवराकडे जाणारी हत्तींची उतरण. राजा आधी धावला. पाय चरख्यासारखे फिरले, राजा तिथेच. साळुंकी म्हणाली, "माग."

मग त्याला आठवले, होडीतून मागे दगड फेकले की होडी पुढे सरकते. त्याने कंठा, कडी, बाजूबंद मागे भिरकावले. शेवटी पूर्वजांचे शापित माणिक फेकले, ते द्वारपालाच्या कपाळावर बसले, आणि पुढे सात पिढ्या त्या घराण्यात सगळे टेंगूळ घेऊनच जन्मले. राजा मात्र जागचा हलला नाही. फेकलेली वस्तू उलट रेटतच नाही, तर ती फेकून काय होणार? साळुंकी म्हणाली, "माग."

"मी जात नाही, तर सिंहासन येईल," राजा म्हणाला. त्याने सिंहासनाला दोर बांधवला, पाठ फिरवली, दोर खांद्यावर घेतला आणि हातांनी खेचू लागला. फरशी सणासाठी घोटून गुळगुळीत केलेली. सिंहासन आधी कुरकुरले, मग हलले, मग धावले. जे धावू लागले ते आपणहून थांबत नाही, मग ते सिंहासन का असेना. ते आले आणि राजाच्या पाठीवर असे आदळले की महाराज उंबरठ्याबाहेर, उतरणीवर, थेट घाटाकडे.

त्याने वडाची पारंबी धरली. ती तुटून हातात आली. वाटेत राजहत्ती उभा होता. तो कापसाच्या गाठोड्यासारखा गवताच्या गंजीत जाऊन पडला, आणि राजाचा वेग तसूभर कमी झाला नाही. आता पुढे घाट, आणि घाटाला लागलेल्या होडीत रेणुमती. हत्तीचे काय झाले ते राजाने पाहिले होते. ही तर ओढणी.

"रेणू, बाजूला हो."

तिने उठून दोन्ही हात पुढे ताठ धरले. "नाही होणार. मागा."

मत्सर राजाच्या घशात आवळ्याएवढा अडकला होता. तो गिळायला वेळ लागतो, आणि वेळच तर नव्हता.

"ढकल मला," राजा ओरडला. "उलट ढकल, तुझ्यात असेल नसेल तेवढे."

त्या क्षणी पायरीने त्याचे तळवे धरले. तळहाताला तळहात भिडला. भोगदत्त शेवटच्या पायरीवर थांबला, बोटे पाण्यात. आणि रेणुमतीची होडी अशी सुटली की सरोवराला भांग पडला. साळुंकी डोंगराकडे उडून गेली. पैलतीरावरच्या लोकांना वाटले, यंदा नौकोत्सव लवकर आला. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कमळांचा हार गुंफला.

सिंहासन जागेवर ठेवले गेले. राजा धापा टाकत उतरण चढला, उंबरठा ओलांडला आणि स्वतःच्या पायांनी चालत जाऊन गादीवर बसला. प्रत्येक पावलाला जमीन त्याला रेटत होती आणि तो काही बोलत नव्हता. वेशीला नवा दरवाजा बसला, हत्ती गंजीतून उतरायला तयार नव्हता, तोही उतरला.

संध्याकाळी रेणुमती परत आली. गळ्यात हार. राजाने हाराकडे पाहिले आणि घशातला आवळा पुन्हा वर आला.

"आजही जोर माझाच होता, रेणू. मी उतरणीवरून आलो म्हणून तू एवढी लांब गेलीस. हार माझा."

तिने हार काढून पुढे धरला. "जोर दोघांना सारखाच बसला, दादामहाराज. हलके ते लांब जाते, एवढेच. हार घ्या हवा तर. पण गळ्यात घातलात की आणखी थोडे जड व्हाल."