डोमाचा बुडवलेला डोंगा

तळ्याकाठच्या एका गावात डोमा नावाचा एक मासे धरणारा होता. होता म्हणजे, कधीकाळी होता. पुढे तो तळे सोडून दूरच्या भातगिरणीत पोती उचलायला गेला. जाताना त्याने आपला डोंगा, म्हणजे दोन माणसे मावतील एवढी फळ्यांची लहान नाव, घरामागच्या चिंचेखाली पालथा घातला आणि मागे वळून पाहिले नाही.

गिरणीत दिवसभर कोंडा उडायचा. पण डोळा लागला की डोमाला पाणी दिसायचे. हिरवे, संथ, कमळाच्या पानांखाली हलणारे. सहा वर्षे त्याने ते पाणी झोपेत पाहिले. मग एके दिवशी त्याने खांद्यावरचे पोते खाली ठेवले, आणि बायको बैनासह तो गावाला परतला.

त्या गावाची एक रीत होती. पावसाळ्यात मासळीची वीण असते, म्हणून आषाढापासून कोणी जाळे टाकत नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे डोंगे एकदम पाण्यावर यायचे, आणि गावातले वडीलधारे झिंगरूबाबा ज्याची त्याची मासे धरायची जागा पुकारायचे. ओळीने सात पोळे ज्याचा डोंगा आला नाही, त्याची जागा तळ्याकडे परत जायची. मग बाबा ती दुसऱ्या कोणाला द्यायचे. डोमाची जागा कमळांच्या पलीकडे होती, आजोबांपासून चालत आलेली. त्याचे सहा पोळे हुकले होते. हा सातवा, थोड्या दिवसांवर आला होता.

डोमाने डोंगा सुलटा केला, तर फळ्यांच्या फटींतून ऊन आरपार येत होते. काय करावे हे कोणाला विचारायची त्याला लाज वाटली. त्याने फटींत डांबर भरले आणि सगळ्यांदेखत डोंगा पाण्यात लोटला. कमळांपर्यंत पोचायच्या आत पाणी त्याच्या गुडघ्याशी आले, मग कमरेशी. शेवटी तो दोरीने डोंगा ओढत चालत काठावर आला.

फागो काठावर जाळे विणत बसला होता. त्याची जागा डोमाच्या जागेला लागून होती.

"डोमा, डोंग्यात आपण बसायचं असतं गा," तो म्हणाला. "त्याला आंघोळीला न्यायचं नसतं."

सगळे हसले. झिंगरूबाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी फळीवरून हात फिरवला.

"सहा उन्हाळ्यांचं तहानलेलं लाकूड आहे हे. वरून डांबर चोपडून तहान भागते का? बुडव त्याला. पोटभर पिऊ दे. फुगलं की फटी आपल्या आपण मिटतील."

आपला डोंगा आपल्याच हाताने बुडवायचा, तोही चार लोकांसमोर. डोमाला ते जड गेले. पण त्याने डांबर खरवडून काढले, लव्हाळ्याजवळच्या उथळ पाण्यात डोंगा नेला आणि त्यात दगड रचले. डोंगा हळूहळू खाली बसला. त्याची कड वीतभर पाण्याखाली गेली.

मग डोमा रोज सकाळ-संध्याकाळ कमरेभर पाण्यात त्याच्याजवळ उभा राहू लागला. दुसरे काही कामच नव्हते. बुडालेल्या डोंग्यात आभाळ उतरायचे. एखादा ढग एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघून जायचा. धुके असले म्हणजे पाणी कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते कळत नसे. मासे त्याच्या पायांना तोंड लावून जात. कुठे बुडबुडे येतात, कुठे शेवाळ हलते, हे त्याला पुन्हा दिसू लागले. कधी कधी त्याला वाटे, आपणही त्या फळ्यांसारखे भिजतो आहोत.

पोळ्याच्या दिवशी तो दगड काढायला गेला, आणि त्याचा हात थांबला. डोंग्यातल्या पाण्यावर कोणी शेंदराची मूठ उधळावी तसे काहीतरी पसरले होते, आणि ते हलत होते. मरळ माशाची पिले होती ती, सुतासारखी बारीक, लालभडक. शेकडो. त्यांच्या खाली, तळच्या फळीला पोट टेकून, काळी मोठी मरळ पहारा देत होती. डोमाला पाहूनही ती हलली नाही.

दगड काढले की डोंगा वर येणार. पाणी उपसावे लागणार. पिले विखुरणार, आणि बगळे तर टपलेलेच होते. हे आणखी कोणी पाहिलेही नव्हते.

डोमाने बैनाला आणून दाखवले. ती डोंग्याच्या कडेशी वाकून किती तरी वेळ पाहत राहिली.

"उद्या डोंगा वर नसला तर आपली जागा गेली," डोमा म्हणाला.

"माहीत आहे जी," ती म्हणाली. "पण भरल्या घरातून कोणाला उठवू नये."

दुसऱ्या दिवशी सगळे डोंगे कुंकू लावून पाण्यावर आले. बाबांनी डोमाचे नाव तीनदा पुकारले. डोमा लव्हाळ्यात उभा होता. बाबा डोंगा वल्हवत त्याच्याजवळ आले. डोमा नुसता बाजूला सरकला. बाबांनी वाकून पाहिले आणि वल्हे पाण्यातून काढून मांडीवर आडवे ठेवले.

मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "डोमाचा डोंगा आला नाही. रीत ती रीत. त्याची जागा आजपासून तळ्याची."

फागोने लगेच आपला डोंगा कमळांकडे वळवला.

"थांब गा फागो. तळ्याची म्हटलं मी. तुझी नाही म्हटलं."

जागा गेली, तरी त्या संध्याकाळी डोमा लव्हाळ्यापाशी गेलाच. तो रोज जात राहिला आणि बगळे हाकत राहिला. पिलांचा लाल रंग हळूहळू काळपट झाला. ती कडेबाहेर जाऊन परत यायला शिकली. मग एका सकाळी डोंग्यात नुसते आभाळ होते.

डोमाने एकेक दगड काढला, पाणी उपसले. डोंगा वर आला. काठावरून झिंगरूबाबा आले आणि न विचारता आत बसले.

"चल," ते म्हणाले. "कमळांपलीकडे."

जुन्या जागी पोचल्यावर बाबांनी तळच्या फळीवर तळहात फिरवला. हाताला नुसता ओलावा लागला. आत थेंबभर पाणी झिरपले नव्हते.

"ही जागा कोणाला द्यावी, हे तळ्यालाच विचारणार होतो," बाबा म्हणाले. "त्यानं आपली लेकरं तुझ्या डोंग्यात ठेवली. आता आणखी काय विचारू? टाक जाळं."

सहा वर्षांनी टाकलेले जाळे वेडेवाकडे, अर्धे मिटलेलेच पडले.

"गोल टाकायचं असतं गा," शेजारच्या पाण्यातून फागो म्हणाला. मग त्याने आपला डोंगा चार हात मागे घेतला आणि डोमाला जागा करून दिली.

तात्पर्य: सोडून गेलेल्या जागी परत यायचे, तर हक्क सांगत येऊ नये. आधी तिथल्या जिवांना जपावे, मग ती जागाच आपल्याला आपले म्हणते.