राजाच्या डोक्यावर उगारलेला घण

हळू या हो, दगडांवर शेवाळ आहे; इथे भल्याभल्यांनी लोटांगण घातलंय. समोर बांबूच्या खुंटांचा बंधारा दिसतो ना, तो दरवर्षी नव्याने ठोकतात. ठोकतात बायका, परांचीवर उभ्या राहून. आणि खाली कमरेएवढ्या पाण्यात खुंट धरून उभा असतो या मुलखातला सगळ्यांत मोठा साहेब. हसू नका, यामागची गोष्ट हसण्यासारखी नाही.

असं सांगतात, की थाई लोक फार पूर्वी या खोऱ्यात उतरले तेव्हा खामलुन हा त्यांचा राजा होता. त्यानेच जंगल तोडून गाव वसवलं, नदी अडवून पाट काढला. माणूस जिद्दीचा, एकदा मनात घेतलं की मागे हटणं नाही. या लोकांत डोकं फार पवित्र. नव्या राज्याला धाक हवा म्हणून राजाने त्यावर कायदाच केला: राजा जवळ असताना कुणी त्याच्या डोक्यापेक्षा उंच राहायचं नाही. राहील तो हद्दपार!

इनता नावाचा एक गडी ताडाचा रस काढायचा. एकदा राजाचा हत्ती खालून गेला आणि हा वर झाडावर. हातात भरलेलं मडकं. बिचारा सांभाळून उतरेपर्यंत स्वारी पुढे गेलीसुद्धा. झालं! त्याला डोंगरापलीकडे हाकललं. मागे राहिली त्याची बायको, दाओ.

पुढल्या वर्षी म्हणे नदीला लोंढा आला आणि बंधाऱ्याचे मधले खुंट हलले. बंधारा गेला असता तर पाट कोरडा पडून भाताची रोपं करपली असती, गाव उपाशी मेलं असतं. सगळे परांचीवर चढून खुंट ठोकत होते. राजाला घरात बसवेना. तो धावत आला, पाण्यात उतरला आणि सुटू पाहणारा खुंट त्याने छातीशी धरला. आणि काय सांगू! वरच्यांनी धडाधड खाली उड्या टाकल्या आणि ते पाण्यात हात जोडून उभे राहिले.

"अरे, चढा वर! ठोका!" राजा ओरडला. पण कुणी हलेना. धाकच तसा बसला होता. खुंट सोडावा तर तिथूनच बंधारा फुटणार, धरावा तर घण मारायला माणूस नाही. मदतीला येऊन आपणच काम बंद पाडलं, या विचाराने राजाला स्वतःचा संताप आला.

तेवढ्यात दाओ पुढे आली. घण हातात, पण चढली नाही.

"महाराज, माझा नवरा झाडावर राहिला म्हणून माझा संसार मोडलात. आज मला डोक्यावर चढायला सांगता? कोणत्या तोंडाने?"

पाणी राजाच्या छातीला लागलं होतं.

"चुकलो, बाई," तो म्हणाला. "सगळ्यांदेखत सांगतो, तो कायदा आजपासून मोडला. इनताला माझ्या हत्तीवरून आणतो आणि पुढे मी पायी चालतो. पण आता ठोक!"

"ठोकते. शब्द फिरवलात तर गाठ माझ्याशी आहे."

ती चढली. पहिलाच घाव निसटून राजाची बोटं चेचली, पण त्याने खुंट सोडला नाही. ते बघून बाकीचे चढले आणि बंधारा टिकला.

पाणी ओसरताच राजा स्वतः हत्ती घेऊन निघाला. डोंगरापलीकडे कळलं, इनता तापाने कधीच गेला होता. परतताना प्रधान म्हणाले, आता तरी अंबारीत बसा. राजा म्हणाला, "ती जागा त्याची आहे." तो तसाच, रिकाम्या अंबारीपुढे पायी गावात आला. दाओने वेशीवरूनच ते पाहिलं आणि काय ते समजली. ऊर फुटेस्तोवर रडली ती. राजाला मान वर करवेना.

पण पुढच्या वर्षी खुंट ठोकायची वेळ आली तेव्हा सगळ्यांत आधी तीच परांचीवर चढली, आणि खाली खुंट धरायला राजा उभा राहिला.

आजही काम संपलं की गावातून हत्ती निघतो. साहेब ओल्या कपड्यांनी पुढे चालतात, अंबारी मोकळी असते. लहान पोरं हट्ट धरतात, आम्हाला बसवा म्हणून. तेव्हा बायका त्यांना सांगतात, "तिथे इनता बसलाय."