पाळण्याची पितळी पाटी

एका गावात एक भोळा दीर होता. नाव दिगंबर, हाक दिगू. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. सांगितलं तस्संच केलं. घरच्यांची अडचण नेमकी हीच होती.

त्याची वहिनी शिकलेली. शिकलेली असल्यामुळे काहीही बिघडलं, की चूक आपलीच असणार असं तिला आधी वाटायचं. तिच्याकडे पत्र्याच्या ट्रंकेएवढं एक कटिंग मशीन होतं. पातं लावलं की पातळ पत्रा कापायचं, सुई लावली की त्यावर अक्षरं कोरायचं. घरबसल्या ती दारावरच्या पाट्या करायची.

वहिनीला मुलगा झाला. बारशाला पाळण्यावर बाळाच्या नावाची पितळी पाटी लावायची, असं तिनं कधीचं ठरवलं होतं. पण सासूबाईंनी बजावलं, "ओली बाळंतीण तू. मशीनवर वाकायचं नाही." बाळाचे वडील बारशाच्या दिवशी सकाळी येणार. उरला दिगू.

त्यात आत्यानं बाळाच्या कानात सांगेपर्यंत नाव फुटू द्यायचं नसतं. थोरल्या मुलीच्या वेळी ते आधीच फुटलं, तर अक्का, म्हणजे दिगूची मोठी बहीण, दोन भाऊबिजा माहेरी आली नाही.

वहिनीनं खाटेवरूनच सांगितलं, "भावजी, ही पाटी अक्कांच्या आधी कुणाच्या नजरेस पडता कामा नये. पडली तर अक्का पुन्हा हा उंबरा चढायच्या नाहीत."

"नाही पडणार," दिगू म्हणाला.

पितळेचे तीन पत्रे होते. दिगूनं पहिला मशीनला दिला. सुई घरघरत फिरली, पत्र्यावर अक्षर नाही.

"अहो, वरची प्लास्टिकची साल काढलीत का?" वहिनी म्हणाली. "ठेवण्याआधी सोलायचं असतं."

"अस्सं होय," दिगू म्हणाला.

संध्याकाळी सासूबाईंनी केळी आणायला पाठवलं. "दोन डझन आण आणि देवापुढे ठेव." दिगूनं चोवीस केळी सोलली आणि देवापुढे ओळीनं ठेवली. मुंग्यांनी बारसं दोन दिवस आधीच साजरं केलं.

वहिनीनं कपाळाला हात लावला. "सगळंच सोलायचं नसतं हो! जसं आलं तसं ठेवायचं."

"अस्सं होय."

दुसऱ्या दिवशी त्यानं तोच पत्रा काढला. साल काढताना तो कडेनं वर वळला होता. जसा वळला तसा दिगूनं ठेवला. सुई कडेला अडली आणि पत्र्याची द्रोणासारखी घडी झाली.

"भावजी, आधी सपाट करायचं," वहिनी म्हणाली, "मग चारी कडांना चिकटपट्टी लावायची. म्हणजे जागचं हलत नाही."

"अस्सं होय."

दुपारी बाळाला तेल लावायचं होतं. चार वर्षांची थोरली सारखी मध्ये लुडबुडत होती. वहिनी म्हणाली, "भावजी, हिला जरा घेऊन बसा. जागची हलू देऊ नका."

दिगूनं थोरलीला चटईवर उताणी निजवली. झग्याचा घेर सपाट केला. चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली.

"आई, मी पत्रा झाले!" थोरली खूश होऊन ओरडली.

वहिनी तेलाच्या हातांनी धावत आली. तिनं आधी पोरीचा श्वास बघितला, मग बाळाचा, मग स्वतःचा. "अहो, चिकटवता काय? मोकळं सोडा!"

"अस्सं होय," दिगू म्हणाला. आणि दुसरा पत्रा त्यानं मशीनमध्ये मोकळा सोडला.

पत्रा सरकला. नावाचं शेवटचं अक्षर पहिल्याच्या डोक्यावर जाऊन बसलं.

आता एकच पत्रा उरला. वहिनीला रडू आलं. रागही आला, पण सांगताना आपणच अर्धवट सांगतो, हे आठवून तिनं तो गिळला. ती सावकाश म्हणाली, "भावजी, नीट ऐका. खरी वस्तू एकच असली की आधी टाकाऊवर करून बघायचं. पुसट आलं तर दाब वाढवायचा, आणखी एक फेरी मारायची. नीट उमटलं की मगच खऱ्यावर."

"अस्सं होय."

दिगूनं तेलाच्या जुन्या डब्याचे तुकडे घेतले, चिकटवले, कोरले. पुसट आलं, दाब वाढवला. तिसऱ्या फेरीला नाव उमटलं. मग त्यानं खरा पत्रा लावला. पाटी अशी निघाली, की वहिनीनं ती दोनदा पदरानं पुसली. टाकाऊ तुकडे तिनं कात्रीनं बारीक करून टाकले. पाटी तांदळाच्या डब्यात गेली.

बारशाच्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाली, "भावजी, गावात बोलावणं करून या. आता फक्त अक्कांनी कानात नाव सांगितलं, की सुटले मी. तिथं काही चुकायला नको."

दिगू दारात थबकला. "नाव कानात सांगायचं?"

"हो."

"आणि बाळ एकच?"

"एकच हो. किती असणार?"

"मग बरोबर," दिगू म्हणाला आणि गेला.

तासाभराच्या कामाला त्याला चार तास लागले. परत आला तो घसा बसलेला. "झालं," म्हणाला, "नीट झालं."

"पाटी कुणी बघितली नाही ना?"

"डब्यातच आहे."

वहिनीनं सुटकेचा श्वास सोडला.

मांडव भरला. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून फिरवलं. अक्का वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत हौसेनं धपाटे घातले. अक्का ताठ झाली, पदर सारखा केला, घसा खाकरला.

"तर मंडळी, आमच्या बाळाचं नाव..."

"मृगांक!" सगळा मांडव एका सुरात म्हणाला.

अक्काचा हात पदरावरच राहिला. वहिनी भिंतीला टेकली.

"कुणी फोडलं?" अक्कानं विचारलं.

"फोडलं नाही," दिगू म्हणाला. "पाटी कुणाला दाखवलीसुद्धा नाही. नुसतं कानात सांगून बघितलं. वहिनींनीच सांगितलंय, खरी वस्तू एकच असली की आधी टाकाऊवर करून बघायचं. सत्तर कानांवर केलं. सरपंचांच्या कानात पहिल्या फेरीत उमटलं. भाऊजींच्या दोन्ही कानांत केलं."

भाऊजी म्हणजे अक्काचे यजमान. ते पहिल्या रांगेत बसले होते.

मग अक्का बारीक आवाजात म्हणाली, "आणि मला रे का नाही सांगितलंस?"

"तू कशी टाकाऊ, अक्का?"

अक्कानं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा सरपंचांकडे. मग पाळण्याजवळची खुर्ची ओढून ऐसपैस बसली. "वहिनी," ती म्हणाली, "मला वाढ गं. आता चार दिवस राहूनच जाईन म्हणते."

अक्का रुसली नाही. गाव रुसलं. सरपंच उठले, मागोमाग सगळी पंगत उठली, भाऊजीही चप्पल शोधू लागले. भरल्या मांडवात पत्रावळींपुढे एकटे बहिरे तात्या तेवढे बसून राहिले.

"झालं का?" तात्यांनी मोठ्यानं विचारलं. "मग काय ठेवलं नाव?"

दिगूला वाईट वाटलं. सकाळी त्यांच्यावर तीन फेऱ्या झाल्या होत्या. तो उठला, तात्यांच्या कानाशी वाकला आणि त्यानं दाब वाढवला.