चारही बाजूंनी मोकळं

दामू मेस्त्री अर्धांगवायूतून उठल्यापासून मालाखालची लाकडी पॅलेटं बनवायचा त्यांचा कारखाना लेक वृंदाच चालवी. तिला बघायला आलेल्या मुलाच्या काकांनी, अण्णासाहेबांनी, कारखान्यातच ऐटीत बजावलं, “लग्नानंतर हे बंद. मुलीनं एकाच घरचं व्हावं.”

दामूंची मान खाली गेली.

वृंदानं एका पॅलेटवर हात ठेवला. “काका, याच्यात फोर्कलिफ्टचे दात दोनच बाजूंनी शिरतात. त्या बंद झाल्या, की माल जागेवर अडकला. शेजारचं चारही बाजूंनी मोकळं आहे. वजन तेवढंच पेलतं, पण कुठूनही उचलता येतं. तुमच्याकडे अडचण आली तर बाबा धावतील, इथे आली तर तुम्ही. मला असंच राहू द्या.”

तेवढ्यात दामू ते चारही बाजूंनी मोकळं पॅलेट सरकवायला वाकले, तसं अण्णासाहेबांनी पुढे होऊन दुसरं टोक धरलं.

“व्याहीबुवा, कुठे ठेवायचं हे?”