बिनउंबऱ्याचं घर

जुन्या नाशकात, तांबट आळीच्या टोकाला, देवकुळ्यांचं घर आहे. आता त्याचं संग्रहालय झालंय. त्याच्या वळत जाणाऱ्या भिंती, अधांतरी जिना आणि गल्लीपासून थेट माजघरापर्यंत सलग गेलेली काळी फरशी पाहायला दूरदूरचे विद्यार्थी येतात. या घराला उंबरा नाही. तिन्हीसांजेला दारात बसू नये हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. पण इथली राखणदार इंदूमावशी वडके नेमकी तेव्हाच दारात पाय आडवे पसरून बसते. का, असं पाहुण्यांनी विचारलं की ती हसण्यावारी नेत नाही. जे सांगते ते असं.

घर बांधलं वामनराव देवकुळ्यांनी. परदेशात शिकून आलेला माणूस, हुशारीला तोड नाही. पण चौघांनी पूर्व म्हणावं आणि यांनी पश्चिमेला निघावं असा स्वभाव. "रस्ता आणि घर यांत भेद कशाला? उंबरा म्हणजे नुसती ठेच," असं ते म्हणत म्हणे. शेजारच्या तांबटणीने त्यांच्या बायकोला, सगुणाबाईंना, बाजूला घेऊन विचारलं, "बाई, दाराला आडवं काहीच नाय. मंग येणाऱ्यानं थांबायचं कुठं?" सगुणाबाईंनी हे नवऱ्याच्या कानावर घातलं. ते हसले.

राहायला आले त्याच सांजेला फरशीवर ओली पावलं उमटली. गल्लीतून आत आलेली. माघारी फिरलेली एकही नाही. वामनराव म्हणाले, मोलकरणीची असतील. दुसऱ्या सांजेला ती जिन्यापाशी पोचली. दार लावून पाहिलं, तर लावलेल्या दाराच्या आत उमटली. घराघराच्या उंबऱ्याशी अडून परतणाऱ्यांना अखेर न अडवणारं एक घर सापडलं होतं, असं आळीत सांगतात. आता वामनरावांनीच सुतार आणून सागाचा उंबरा बसवला. सकाळी तो मधोमध फुटलेला. जन्मतः नसलेला अवयव मागाहून चिकटत नाही, असं यावर इंदूमावशी म्हणते.

मग एके दिवशी ती पावलं त्यांच्या पाच वर्षांच्या लेकीच्या, बकुळच्या, अंथरुणाशी दिसली.

दिवस पौषातले. वामनराव गुरुजींना आणायला त्र्यंबकेश्वरी गेलेले. दिवेलागण झाली तशा सगुणाबाई दारात गेल्या आणि गल्लीकडे तोंड करून, चौकटीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पाय आडवे पसरून बसल्या. लाकूड टिकत नाही, तर मीच आडवी होते, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. समोर काहीतरी येऊन थांबलं. दिसलं नाही, पण पायांच्या बोटांना गारठा झोंबला. बराच वेळ ते थांबलं आणि मग निघून गेलं. पोर वाचली, असं वाटून सगुणाबाईंना रडू फुटलं.

तेवढ्यात पाठीमागून, घरातूनच, पावलं वाजली. पुष्कळ पावलं. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की बाहेरचे अडवले खरे, पण आधी आत आलेले आपण आतच कोंडले. आणि बकुळही आतच होती.

उठावं तर बाहेरचे आत शिरणार. वळून पाहावं, तर मान वळेना. त्यांनी नुसता हात मागे केला. "बकुळ, ये गं. आईच्या हातात हात दे."

एक लहानसा हात हातात आला. रांजणातल्या पाण्यासारखा गार. सगुणाबाईंनी तो झटकला. मग दुसरा आला, तेवढाच लहान, पण उबदार. त्यांनी तो धरून ओढला आणि पोरीला मांडीवर घेऊन छातीशी आवळलं.

मागून आवाज आला, "आई, अगं मीच बकुळ."

"आत जा," सगुणाबाई म्हणाल्या.

मांडीवरची बकुळ वाढली, सासरी गेली, लेकुरवाळी झाली. तिच्यात वावगं असं कधी कुणाला दिसलं नाही. पण पौषाच्या थंडीत दगडी फरशीवर खेळणाऱ्या पोरीचे हात गारच असायचे, हे सगुणाबाईंना मागाहून सुचलं. त्या विचाराने त्यांचं काळीज जन्मभर कुरतडलं. मरेपर्यंत त्या रोज सांजेला दारात बसत. घर राखायला बसतात, असं आळीला वाटे. त्या हात मागे करून बसत.

त्यांच्यामागे ही जागा रिकामी ठेवायची कुणाचीच छाती झाली नाही. आजही संग्रहालय बंद व्हायच्या वेळी इंदूमावशी दारात आडवी बसते, तोंड गल्लीकडे आणि एक हात मागे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने त्या हातात हात द्यायचा. ऊब लागली की ती पाय जवळ घेते आणि माणूस बाहेर पडतो. विद्यार्थी थट्टेवारी नेत हात देतात आणि जातात.

सगळे गेले तरी तिचा हात मागेच असतो. थोड्या वेळाने तिची बोटं हळूच मिटतात, काहीतरी लहानसं धरल्यासारखी. "आहे गं बाळा, मी इथंच आहे," ती न वळता म्हणते.

पाय मात्र ती जवळ घेत नाही.