घोंगडीआडचे गुरुजी

एकदा एक तेलाचा व्यापारी, बाजारात बैल पारखायला निघावं तसा, लेकीसाठी विद्यालय पारखायला निघाला. लेक वेणू, मोठी हुशार. पण शहरातल्या नावाजलेल्या विद्यालयात वर्ष काढून पोर मुकी होऊन परतली होती. काही विचारलं तर मान हलवायची, बस्स. हे शेवटचं ठिकाण. इथंही जमलं नाही तर पुस्तकं माळ्यावर टाकायची, असं बापानं ठरवून टाकलं होतं.

आणि विद्यालय तरी काय? घाट चढून गेल्यावर नदीकाठी चार झोपड्या, एक विहीर आणि वीसेक पोरंपोरी. ना घंटा, ना परीक्षा. व्यापाऱ्याचं तोंड एरंडेल प्यायल्यागत झालं.

"गुरुजी, विद्यालय दाखवता ना?"

"दाखवतो की, बसा." म्हातारबुवा पोरांकडं वळले. "काय रे, विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार. ही खोडी विहिरीची का आपली?" एवढं बोलून ते आडवे झाले, डोक्यावरून घोंगडी ओढली, आणि वर घोरायलाही लागले!

पाहुणा दारात आणि गुरू घोरतोय! व्यापारी तणतणत उठला. "चल गं वेणू." पण वेणू जागेवर होती कुठं?

पोरांचं भांडण जुंपलं होतं. एक म्हणे, विहिरीच्या पोटात ऊन साठतं. दुसरा म्हणे, तुझ्याच डोक्यात साठलंय. आणि मधोमध वेणू! एक हात चुलीपुढं धरलेला, दुसरा रांजणात बुडवलेला. मग दोन्ही हात एकदम विहिरीच्या पाण्याच्या बादलीत.

"अगं बाई! या हाताला गार लागतंय आणि त्या हाताला कोमट! पाणी तेच आहे रे, लबाडी हातांची!"

"काहीतरीच! सरक, मला बघू दे," म्हणत एक पोरगी तिला ढकलून पुढं आली.

वर्षानं लेकीचा आवाज ऐकून व्यापारी तणतणणं विसरला. तो घोंगडीपाशी वाकला. "गुरुजी, पोर बोलली हो! आणि तुम्ही झोपलेले!"

घोंगडीतून एक डोळा बाहेर आला. "झोपलंय कोण? शेठ, माझं तोंड मोठं चहाडखोर आहे. पोर चुकली की भुवई चढते, नेमकं बोलली की मिशी हसते. मग पोरं विहिरीत कशाला बघतील? माझ्या मिशीत बघतात. हुशार पोरं तर नुसती मिशी वाचायलाच शिकतात, आणि मिशी रागावली की मुकी होतात. म्हणून तोंड झाकून घेतो. पोर इथं रमेल का, हे मला विचारू नका. काहीजण माझी घोंगडी ओढत बसतात, त्यांना मी दुसरीकडं धाडतो. तुमची विहिरीकडं पळाली."

इतक्यात वेणू ओल्या हातांनी धावत आली, आणि गुरुजींचं बोलणं उलगडताना बापाच्या कपाळावर पडलेली आठी बघून तिथंच थबकली.

व्यापाऱ्याला कळायचं ते कळलं. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तोंडावर ओढलं.

"आता सांग बाई. राहतेस, का घरी यायचं?"

"अप्पा, तुम्ही निघा. अंधार पडायच्या आत घाट उतरा."

उपरणं मात्र बराच वेळ खाली आलं नाही.